शब्दाशब्दाने येणारे उत्तर आणि हलकी क्लायंट लायब्ररी

(व्याख्यानाचा मजकूर)



तारखात्याच्या कारभाराची ज्यांना आठवण आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर टेलिप्रिंटरचे यंत्र अजून असेल. तार घरी येई ती पुरी होऊन; परंतु तार-कचेरीतील टेलिप्रिंटरवर तोच मजकूर एकेका अक्षराने उमटत असे आणि यंत्रासमोर बसलेल्या कारकुनाला वाक्य संपण्यापूर्वीच त्याचा रोख कळू लागे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तथापि पुरा झालेला मजकूर एकदम हाती देणे आणि तो तयार होत असतानाच पोहोचवीत राहणे, हा भेद भाषा-प्रतिमानांच्या, म्हणजे नित्याच्या बोलण्यात ज्यांना लँग्वेज मॉडेल म्हणतात त्यांच्या, वापरात पुन्हा एकदा पुढे आला आहे.

ही प्रतिमाने उत्तर एकदम रचून ठेवीत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी असलेली आजची बहुतेक प्रतिमाने आधीचा सर्व मजकूर विचारात घेऊन पुढचा एक लहानसा तुकडा निवडतात, तो मजकुरास जोडतात आणि पुन्हा पुढच्या तुकड्याकडे वळतात. या तुकड्याला टोकन म्हणतात. टोकन म्हणजे कधी पुरा शब्द, कधी शब्दाचा अंश. दीर्घ उत्तराला म्हणूनच वेळ लागतो. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मनुष्य आणि संगणक यांच्या संवादात उत्तरास लागणाऱ्या वेळेचा विचार मांडला होता; पडदा दहा सेकंदांहून अधिक काळ कोरा राहिला तर माणसाचे चित्त हातच्या कामावरून उडते, हा त्या विचारपरंपरेतील सर्वमान्य निष्कर्ष होय. तेव्हा तयार झालेला तुकडा तत्क्षणी पाठवीत राहावा, म्हणजे वाचणारा वाचीत राहील, अशी व्यवस्था सेवा देणाऱ्यांनी केली. प्रवाहरूप उत्तर ते हेच.

आता एखाद्या कचेरीला आपल्या स्वतःच्या आज्ञावलीत अशी सेवा वापरावयाची असेल, तर दूरचा सर्व्हर आणि आपली आज्ञावली यांच्यामध्ये एक मध्यस्थ लागतो. विनंती नेऊन देणारा, येणारा प्रवाह समजून घेणारा आणि त्यातला मजकूर तेवढा वेगळा काढून देणारा. या मध्यस्थाला क्लायंट लायब्ररी म्हणतात. सेवा देणाऱ्या संस्था स्वतःच्या तयार लायब्रऱ्या पुरवितात आणि जेथे त्या सुखाने चालतात तेथे त्याच वापराव्यात. केवळ हौसेसाठी नवी लायब्ररी लिहिणे हा शासकीय वेळेचा सदुपयोग नव्हे. परंतु अनेक ठिकाणी परिस्थिती निराळी असते. सर्व्हर जुना असतो, त्यावर नव्या आवृत्त्या चढविण्याची अनुमती नसते, आणि तयार लायब्ररी आपल्यासोबत इतरांनी लिहिलेल्या अनेक संचांचा लवाजमा घेऊन येते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक संच एनपीएमच्या भांडारातून काढून घेतला गेला आणि त्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष विसंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी जगभर अडून राहिली. ज्याच्याशी आपला कधी परिचयही नव्हता अशा अकरा ओळींनी काम थांबावे, ही गोष्ट कोणाही जबाबदार अधिकाऱ्याला अस्वस्थ करणारी आहे. हलकी लायब्ररी म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या मूळ साधनांखेरीज दुसऱ्या कशावरही न विसंबणारी, काही शे ओळींत मावणारी आणि एका बैठकीत वाचून समजणारी लायब्ररी. पायथनमध्ये त्यासाठी एचटीटीपीचे आणि जेसनचे विभाग मुळातच आहेत. नोडमध्ये २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून फेच हे साधन अंगभूत आहे.

विनंती पाठविण्याचा भाग सोपा आहे, त्यावर वेळ घालविण्याचे कारण नाही. जेसन स्वरूपात मजकूर बांधावा, किल्लीचा हेडर लावावा, प्रवाह हवा असे सांगावे आणि पोस्ट पद्धतीने तो पाठवावा. खरे काम उत्तर येऊ लागल्यावर सुरू होते.

बहुतेक प्रमुख सेवा हे उत्तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स या ठरावाप्रमाणे पाठवितात. इयन हिक्सन यांनी ही कल्पना २००४ साली मांडली आणि ऑपेरा या ब्राउझरने २००६ साली ती प्रथम प्रत्यक्षात आणली. म्हणजे भाषा-प्रतिमानांचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधीची ही योजना आहे. तिचे स्वरूप इतके साधे आहे की त्याचे कौतुक वाटावे. सगळा प्रवाह साध्या मजकुराच्या ओळींचा. ओळीच्या आरंभी क्षेत्राचे नाव, मग अपूर्णविराम, मग आशय. नावे चारच: इव्हेंट, डेटा, आयडी आणि रिट्राय. अपूर्णविरामानंतर एक रिकामी जागा असेल तर तेवढी एकच सोडून द्यावयाची. डेटाच्या एकाहून अधिक ओळी आल्या तर त्या नव्या ओळीच्या चिन्हाने जोडावयाच्या. अपूर्णविरामानेच सुरू होणारी ओळ ही केवळ टिप्पणी. आणि रिकामी ओळ आली की एक इव्हेंट पुरा झाला. ब्राउझरमध्ये हे वाचण्यासाठी इव्हेंटसोर्स नावाचे तयार साधन आहे खरे, पण ते गेट पद्धतीचीच विनंती करते आणि त्यास स्वतःचे हेडर लावता येत नाहीत. भाषा-प्रतिमानाच्या सेवेला तर पोस्ट आणि किल्लीचा हेडर दोन्ही लागतात. वाचनाचे काम लायब्ररीला स्वतः करावे लागते ते यामुळेच.

येथे पहिला खड्डा आहे, आणि देवनागरीत काम करणाऱ्यांनी तो विशेष जपून ओलांडावयास हवा. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. तेव्हा भाषा यांपैकी कोणतीही असो, कचेरीच्या पडद्यावर उतरावयाची अक्षरे देवनागरीच आहेत. केन टॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा आणि हलन्ताचे चिन्हसुद्धा तीन तीन बाइट घेते. 'पणजी' या शब्दात प, ण, ज आणि दीर्घ ईकाराची मात्रा मिळून चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट होतात. 'क्ष' हे डोळ्याला एकच अक्षर, पण क, हलन्त आणि ष मिळून त्याचे नऊ बाइट होतात.

जाळ्यावरून येणारे बाइट मात्र शब्दांची, अक्षरांची किंवा ओळींची मर्यादा पाळून येत नाहीत. मिळेल तेथे तुकडा पडतो. समजा 'पणजी' या शब्दाचे सात बाइट एका तुकड्यात आले आणि पाच पुढच्यात. पहिल्या तुकड्यात प आणि ण ही अक्षरे पुरी आहेत, पण ज चा एकतृतीयांश भागच हाती आला आहे. लायब्ररीने प्रत्येक तुकडा आला तसा लगेच अक्षरांत उलगडण्याचा प्रयत्न केला, तर ज च्या जागी चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते आणि ते कायमचे तेथेच राहते. कारण मूळ बाइट तोवर टाकून दिलेले असतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष आयुष्यात दिसणार नाही. मराठी वाचकाला तो केव्हातरी दिसेल, रोज दिसणार नाही, आणि अधूनमधूनच दिसत असल्यामुळे त्याचे कारण सापडणे अधिकच कठीण होईल.

यावर पुष्कळजण अर्धवट बाइट शिल्लक ठेवणारा उलगडक वापरतात. ते योग्यच आहे. परंतु त्याहूनही सरळ मार्ग यूटीएफ-८ च्या रचनेतच दडलेला आहे. या पद्धतीत अनेक बाइटांच्या चिन्हातील कोणताही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो, आणि ओळ संपविणारी चिन्हे तर १० व १३ या क्रमांकांची आहेत. याचा अर्थ असा की देवनागरी चिन्हाच्या पोटात ओळीचा शेवट कधीही लपलेला असू शकत नाही. म्हणून लायब्ररीने येणारे बाइट अक्षरांत न उलगडता नुसते साठवावेत, बाइटांच्या पातळीवरच ओळी तोडाव्यात आणि पुरी ओळ हाती आल्यावरच ती उलगडावी. असे केले की अक्षर तुटण्याचा प्रश्नच उरत नाही. एक सूक्ष्म गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ओळीचा शेवट १३ आणि १० अशा जोडीने होऊ शकतो, आणि ही जोडीही दोन तुकड्यांत विभागली जाऊ शकते. १३ आला की ओळ संपली असे मानून, लगोलग आलेला १० सोडून द्यावा. नाहीतर एक नसलेली रिकामी ओळ निर्माण होते आणि इव्हेंट अकाली पुरा होतो.

बाइटांच्या पातळीवर ओळी तोडण्याचे आणखी एक कारण आहे. अक्षरे झाल्यानंतर ओळी तोडणारी पायथनमधील तयार क्रिया केवळ वरील दोन चिन्हांवर थांबत नाही. युनिकोडमधील ओळ-विभाजक, परिच्छेद-विभाजक अशी इतरही चिन्हे ती ओळीचा शेवट समजते. ही चिन्हे जेसनच्या मजकुरात विनासंकोच येऊ शकतात. ती आली की एक सलग जेसन दोन ओळींत चिरला जातो आणि दोन्ही तुकडे निरुपयोगी ठरतात. बाइटांवर चालणारी त्याच नावाची क्रिया मात्र नेमकी दोनच चिन्हे ओळखते.

आणि चाचणीत फसविणारी एक गोष्ट. काही सर्व्हर देवनागरी अक्षर जसेच्या तसे न पाठविता उलटी तिरपी रेघ, यू हे अक्षर आणि चार षोडशमान अंक अशा सहा साध्या बाइटांत पाठवितात. अशा सर्व्हरवर अक्षर तुटण्याचा दोष प्रकटच होत नाही. लिहिणारा निश्चिंत होतो, आणि पुढे सर्व्हर बदलला किंवा त्याने आपली रीत बदलली की दोष डोके वर काढतो. दोन्ही प्रकारच्या मजकुरावर लायब्ररी तपासली पाहिजे.

अक्षराच्या बाबतीत लायब्ररीने जे करू नये तेही येथेच सांगितलेले बरे. 'क्' एका तुकड्यात आणि 'ष' पुढच्यात आला, तर पडद्यावर क्षणभर पाय मोडलेला क दिसेल आणि मग तो क्ष होईल. यात बिघडण्यासारखे काही नाही. पण पडद्याची मांडणी करणाऱ्याने प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी चौकट केली असेल, तर मात्रा एकटी पडून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकताना दिसेल. तो दोष लायब्ररीचा नव्हे. आधीच्या मजकुरालाच नवा मजकूर जोडीत जाणे हा त्यावरचा उपाय.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग: उत्तर संपले हे ओळखावे कसे?

प्रवाह थांबला म्हणजे उत्तर संपले, असे मानण्याची चूक फार सर्रास होते. जोडणी अनेक कारणांनी तुटते: वीज जाते, मधला सर्व्हर कंटाळतो, दूरचे यंत्र बंद पडते. अशा वेळी वाचणाऱ्या आज्ञावलीला दिसते ते एवढेच की आणखी बाइट येत नाहीत. म्हणून सेवा शेवटी स्पष्ट खूण पाठवितात. ओपनएआयच्या चॅट-सेवेच्या प्रवाहाअखेर चौकटी कंसात 'डन' हा शब्द असलेली ओळ येते. अँथ्रॉपिकच्या सेवेत संदेश थांबल्याचा स्वतंत्र इव्हेंट येतो. त्याखेरीज उत्तर का थांबले याचे कारणही सांगितलेले असते. प्रतिमानाचे म्हणणे पुरे झाले, की ठरवून दिलेली टोकनांची मर्यादा संपली, की अन्य काही. या दुसऱ्या माहितीकडे पुष्कळ लायब्रऱ्या काणाडोळा करतात. खूण आली, उत्तर दिले, काम झाले!

मराठीत हा काणाडोळा विशेष महागात पडतो, आणि त्याचे कारण आपल्या वाक्यरचनेत आहे. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा क्रियापदाच्या पुढे, वाक्याच्या पूर्वार्धातच येऊन जातो. मराठीत तो अखेरीस येतो. कोंकणीतील 'ना' हा सुद्धा बहुधा शेवटीच. "अर्जदाराने दाखला जोडलेला नसला, तरी केवळ तेवढ्याच कारणास्तव त्याचा अर्ज फेटाळण्यात येणार नाही," या वाक्याचा शेवटचा शब्द गळाला तर काय उरते? 'अर्ज फेटाळण्यात येणार' एवढे वाचून घाईतला वाचक मनातल्या मनात 'आहे' जोडतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. नियमाचा अर्थ नेमका उलटा झाला, आणि तो झाला हे दाखविणारी एकही खूण कागदावर राहिली नाही. हा प्रसंग काल्पनिक असला तरी असंभाव्य नाही. अनेक प्रतिमानांच्या टोकन-पद्धतीत देवनागरी मजकुराला त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक टोकने लागतात. त्यामुळे इंग्रजी उत्तरावरून बेतलेली मर्यादा मराठी उत्तराला अपुरी पडते आणि उत्तर वाक्याच्या मध्येच छाटले जाण्याचा संभव वाढतो.

यासाठी लायब्ररीने अंतिम मजकूर एकटा कधीच परत देऊ नये. मजकुरासोबत त्याची अवस्था बांधलेली असावी: पूर्ण, मर्यादेने छाटलेला, अथवा मध्येच तुटलेला. शेवटची खूण न येताच जोडणी संपली, तर ती चूक म्हणून ओरडून सांगावी. आलेला मजकूर त्या चुकीच्या निवेदनात जोडून द्यावा, पण उत्तर म्हणून देऊ नये. हे वापरणाऱ्याला थोडे जाचक वाटेल. वाटू द्यावे. शासनाच्या कामात अर्धवट मजकूर पुरा समजला जाण्यापेक्षा एक चौकट जास्तीची उघडलेली परवडते.

अडचणी दोन जातींच्या असतात, आणि त्यांना एकच औषध चालत नाही. प्रवाह सुरू होण्यापूर्वीची अडचण असेल तर पुन्हा प्रयत्न करणे योग्य. ४२९ हा संकेत म्हणजे विनंत्या फार झाल्या. किती वेळाने यावे हे सर्व्हरने हेडरमध्ये सांगितले असेल तर तेवढे थांबावे, नसेल तर दर खेपेस थांबण्याचा काळ दुप्पट करीत जावे आणि त्यात थोडा यदृच्छ फरक ठेवावा, म्हणजे सर्वच यंत्रे एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावणार नाहीत. पाचशेच्या घरातील बहुतेक संकेतांनाही हाच न्याय. पण ४०० वा ४०१ आला तर विनंतीत किंवा किल्लीतच दोष आहे. तीच विनंती शंभरदा पाठवून तो दुरुस्त होत नाही.

प्रवाह सुरू झाल्यानंतरची अडचण निराळी. येथे २०० हा यशाचा संकेत आधीच येऊन गेलेला असतो, आणि चूक प्रवाहाच्या आत एक इव्हेंट म्हणून येते. केवळ संकेत पाहणारी लायब्ररी तिला मजकूर समजून पुढे जाते. अशा वेळी गुपचूप पुन्हा विनंती करू नये. वाचकाने निम्मे उत्तर वाचलेले असते, दुसरे उत्तर शब्दशः तेच असण्याची खात्री नसते आणि शुल्क दोनदा पडू शकते. मूळ ठरावात शेवटच्या आयडीपासून प्रवाह पुढे चालू करण्याची सोय होती खरी, पण भाषा-प्रतिमानाच्या सेवांत ती सर्वत्र गृहीत धरता येत नाही. पुन्हा विचारावे की नाही, हा निर्णय वापरणाऱ्या आज्ञावलीचा.

प्रतीक्षेची मर्यादाही एकूण वेळेवर लावू नये. दीर्घ उत्तर तीन मिनिटे सुखाने येत राहील. मोजावयाची ती शांतता: शेवटचा बाइट आल्यापासून किती वेळ गेला. काही सेवा मधूनमधून पिंग पाठवितात किंवा टिप्पणीची ओळ टाकतात, ती याचसाठी. तिला मजकूर समजू नये, पण घड्याळ पुन्हा शून्यावर आणावे. आणि मजकूर येतो आहे पण ढेकळाढेकळांनी येतो आहे, अशी तक्रार आली तर आधी मधले सर्व्हर पाहावेत. एन्जिनएक्समध्ये मागील सर्व्हरचे उत्तर साठवून मग पुढे देण्याची रीत मुळातच चालू असते, ती या मार्गापुरती बंद करावी लागते. दोष घरचाही असू शकतो: पायथनमध्ये 'चार हजार बाइट वाच' असे सांगितले तर वाचणारी क्रिया तेवढे जमेपर्यंत थांबून राहते, 'जे आहे ते दे' असे सांगणारी वेगळी क्रिया आहे, ती वापरावी. वाचकाने खिडकी बंद केली की जोडणीही बंद झाली पाहिजे, हे सांगावयास नकोच.

किल्लीविषयी थोडके. ती सर्व्हरवरच राहावी. ब्राउझरमध्ये किंवा फोनवरच्या आज्ञावलीत उतरली की ती सार्वजनिक झाली असेच समजावे. चुकीच्या निवेदनात संपूर्ण विनंती छापण्याची अनेक लायब्रऱ्यांना सवय असते. त्यात किल्लीही छापली जाते आणि अर्जदाराचे नाव-पत्तेही. दोन्ही झाकावेत.

राहता राहिली चाचणी. तिला दूरच्या सेवेची वा शुल्काची गरज नाही. खऱ्या सेवेकडून आलेला एक मराठी प्रवाह बाइटाबाइटाने फाइलमध्ये उतरवून ठेवावा. त्यात जोडाक्षरे भरपूर असावीत. मग तो प्रवाह पहिल्या बाइटनंतर तोडून दोन तुकड्यांत लायब्ररीला द्यावा, नंतर दुसऱ्या बाइटनंतर तोडून, असे शेवटपर्यंत. आणि एकदा एकेक बाइट सुटा करूनही द्यावा. प्रत्येक वेळी हाती येणारा मजकूर अक्षरशः एकच असला पाहिजे. दुसऱ्या फेरीत तोच प्रवाह प्रत्येक बाइटनंतर छाटून द्यावा, पुढचा भाग द्यावयाचाच नाही. दहा हजार बाइटांचा प्रवाह असेल तर दहा हजार चाचण्या, आणि त्या साध्या यंत्रावरही फार वेळ घेत नाहीत. या फेरीत लायब्ररीने 'पूर्ण' हा निर्वाळा शेवटच्या खुणेच्या इव्हेंटपूर्वी कोठेही देता कामा नये. खूण आली पण तिच्यामागची रिकामी ओळ आली नाही, तर मूळ ठरावाप्रमाणे तो इव्हेंट झालाच नाही असे धरावयाचे असते, आणि तेथेही उत्तर 'तुटलेला' असेच आले पाहिजे.